गुडघाभर पाणी

कारंजा,
एप्रिल अखेर

प्रिय सपना,

तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलेल्या साध्या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर लिहून पोस्टाने पाठवते आहे, याचं तुला नवल वाटेल. पण फोन आला की तुझे बाबा खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि स्पीकर लावायला लावतात. मेसेज पाठवावा तर तो तुझ्याआधी रेणू वाचते. तेव्हा हे पत्र हाती पडलं की तू एकटी असताना वाच आणि पुण्याहून गाडी निघण्याआधी शेवटपर्यंत वाच. तू लिहिलं होतंस, आत्या, विदर्भात समुद्र नाही तर नाही, एखादा फ्रेश वॉटर बीच शोधून ठेव. रेणूला खेळायला वाळू हवी, मला सावली हवी, जावईबापूंना, संघदीपला, गाडी काठापर्यंत न्यायची आहे, आणि बाबा रेणूला पोहायला शिकवणार आहेत तर तेवढं पाणी हवं. हे शेवटचं वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मला भीती वाटते आहे. भर सभेत लोकांनी माझा माईक काढून घेतला, अंगावर धावून आले, तेव्हाही मी घाबरले नव्हते. आता आठ वर्षांच्या नातीच्या सहलीची जागा ठरवताना घाबरते आहे. थट्टा करू नकोस, आधी ऐक.

तू सांगितल्यावर मी लगेच मोहनसिंगची जीप ठरवली. तो मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, माझा जुना विद्यार्थी. वर्गात एक अक्षर बोलत नव्हता, त्याचं सगळं व्याज आता जीप चालवताना वसूल करतो. तुझे बाबा पुढच्या सीटवर, मी मागे. आधी धनजकडचा तलाव पाहिला. उन्हाने पाणी पार मागे सरकलेलं. वाळू म्हणावी अशी नाही, बारीक मुरूम आहे, अनवाणी चाललं तर टोचतो. पण काठावर कडुनिंबाची दाट सावली आहे आणि गाडी थेट झाडाखाली जाते. मधोमध म्हशी बसलेल्या, त्यांच्या पाठीवर बगळे. एक गुराखी म्हशी हाकत या काठावरून त्या काठावर चालत गेला, त्याची दुमडलेली पँट भिजली नाही. मला ती जागा फार आवडली. तुझे बाबा मात्र जीपमधून उतरलेच नाहीत. म्हणाले, "हे काय तलाव हाये? इथं बेडूक बी उभ्यानं पोयते. नातीले इथं काय शिकवू, चिखल तुडवाले?" मोहनसिंग म्हणाला, "काका, बेडकाले तरी येते म्हणा पोयता." तुझे बाबा त्यावर हसले नाहीत, त्यांनी काच वर केली. एवढ्या उन्हात काच वर करणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

दुसरा तलाव शेलूबाजारच्या अलीकडे, महामार्गापासून आत. तुला हवा असलेला बीच तोच असावा, कारण तिथे सगळा जिल्हा लोटलेला. स्पीकर, वडापावची गाडी, उंट नाही म्हणून घोडा. एक नवरा-नवरी पाण्यात उभं राहून फोटो काढून घेत होते, त्यांचं लग्न अजून व्हायचं होतं. काठावर फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. चार पोरं भरावावरून पाण्यात उड्या मारत होती आणि पाचवा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. मी त्यांना झापायला लागले तर मोहनसिंग म्हणतो, "बाई, इथं माईक नाही, गळा बसन तुमचा." खरंच बसला. सपना, मी त्या काठावर उभी राहून नुसती शोधत होते. खोली सांगणारी पाटी नाही, ओढून बांधलेला दोर नाही, शिट्टी वाजवणारा माणूस नाही. आपण मुलांना पाढे शिकवतो, प्रार्थना शिकवतो, राष्ट्रगीताला ताठ उभं राहायला शिकवतो, पण मी जिथे जिथे शिकवलं त्या एकाही शाळेत पाण्यात तरंगायला शिकवलं नाही. आणि मग दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात तीच बातमी. मित्रांसोबत गेला होता, पाण्याचा अंदाज न आल्याने. 'अंदाज न आल्याने' या शब्दांखाली आपण किती मुलं पुरली असतील, याचा कोणाला राग येत नाही. मला येतो. पण त्या दिवशी रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. उड्या मारणाऱ्या पोरांतलं प्रत्येक डोकं वर येईपर्यंत मी श्वास रोखून उभी होते.

इथल्या बाकी बातम्या अशा. वरच्या खोलीचा कूलर दुरुस्त करून आणला आहे. आंबे अजून महाग आहेत, पण तुम्ही येईपर्यंत उतरतील. तुझी आई गेल्यावर तुझे बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हापासून इतके खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं. बाजारातून पाण्यात घालायचे दोन चष्मे आणलेत, एक मोठा आणि एक लहान, निळा. संध्याकाळी रेणूचा व्हिडिओ कॉल आला की अंगणातल्या बाजेवर पालथे पडतात आणि हातपाय मारून दाखवतात. हात कसा कापत न्यायचा, मान कुठल्या बाजूला वळवायची, श्वास कधी घ्यायचा, पाय गुडघ्यातून का वाकवायचे नाहीत. बाज करकरते, तिकडे रेणू तुमच्या दिवाणावर पालथी पडून तसंच करते. तूही कॅमेऱ्यामागून हसतेस, मला ऐकू येतं. मग ते तिला घागरीची गोष्ट सांगतात, तुला लहानपणी सांगायचे तीच. गावच्या विहिरीत पितळी घागर पडली, मोठी माणसं काठावर नुसती गर्दी करून उभी, आणि एका पोराने उडी घेतली, कान फुटायला आले तरी तळ गाठला, घागर घेऊनच वर आला. ती गोष्ट इतकी सुंदर सांगतात की बाजूची पोरं कुंपणाशी येऊन थांबतात. मी तेव्हा स्वयंपाकघरात असते आणि भांडी उगाच वाजवते. कारण त्यानंतर रेणू विचारते, आबा, मलाही खोल पाण्यात न्याल ना, आणि ते म्हणतात, "हाव, खांद्यावर बसवून नेईन तुले."

पाण्याविषयी मी गेली कित्येक वर्षं वीस मार्चला बोलते आहे. तूही लहानपणी पहिल्या रांगेत बसून ऐकलं आहेस. ओंजळभर पाणी उचलण्यासाठी आपल्या माणसांनी महाडला डोकी फोडून घेतली, हे सांगताना माझा आवाज आजही चढतो आणि चढलाच पाहिजे. पण एक गोष्ट मी त्या व्यासपीठावरून कधी बोलले नाही. पाणी प्यायचा हक्क मिळाला. पाण्यात उतरायला आपल्याला कोणी शिकवलं नाही. पोरं ज्या वयात पोहायला शिकतात, त्या वयात गावातली विहीर आपली नव्हती. आणि विहीर आपलीही झाली, तोवर ते वय निघून गेलेलं होतं. माझी आई म्हणायची, "पाण्याजवळ जाऊ नोको लिले, पाणी आपल्याले ओळखत नाई." तिला तिच्या आईने तेच सांगितलेलं. इतरांच्या घरी आईकडून लेकीकडे पाटल्या येतात, माझ्याकडे ही भीती आली. नळाखाली बादली भरताना मला काही होत नाही. पण पाण्याचा तळ दिसेनासा झाला की माझे पाय आपोआप मागे सरतात. मी एवढी पुस्तकं वाचली, एवढे वाद जिंकले, या पायांना कुठलाच मुद्दा पटत नाही.

आता तिसऱ्या तलावाचं लिहिते. हे लिहायचं टाळत होते. धनज नको आणि शेलूबाजारचा गोंधळही नको म्हटल्यावर तुझे बाबा म्हणाले, आपल्या गावाकडे चला. मानोऱ्याच्या पुढे, आपल्या शिवाराच्या टोकाला जो तलाव आहे तो. खरं सांगते, सपना, तो फार देखणा दिसत होता. पाणी उतरून एका बाजूला लांबच लांब सपाट काठ उघडा पडलेला, फोटोत दाखवला असता तर तू तिथेच यायचं ठरवलं असतंस. निळं पाणी, वारा, पलीकडे पळसाची रांग, माणूस नाही. येताना वाटेत दोन्हीकडच्या शेतांत काळ्या मातीचे थर पसरलेले दिसले होते. तुझे बाबा म्हणाले, तलावातला गाळ आहे, मागच्या उन्हाळ्यात यंत्रं लावून काढला, आता जमीन कशी पिकते पाह्य. मलाही बरं वाटलं. गाळ काढला, शेतं सुधारली, यात वाईट काय असणार.

काठावर पोचल्यावर तुझ्या बाबांनी शर्ट काढून माझ्या हातात दिला. घड्याळ दिलं, फोन दिला. मी म्हटलं, भाऊ, आज नुसती जागा पाहायला आलो आहोत. तर म्हणाले, "तू कायले भेतं? या तळ्याचा तळ मले आंगणासारखा पाठ हाये. उन्हाळ्यात हे कोरडं पडे तवा इथंच टरबुजाची वाडी राखली मी. कुठं उतार, कुठं दगड, डोये बांधून सांगतो." आणि चालत गेले. त्यांची पाठ किती बारीक झाली आहे हे मी त्या दिवशी पाहिलं. पाणी पोटऱ्यांना, मग मांड्यांना, मग कमरेला लागलं. तिथे वळून उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "पाह्य, कमरेएवढंच हाये. रेणूले इथून पोयत काठावर पाठवतो का नाही पाह्य." बोलता बोलता त्यांनी एक पाऊल मागे टाकलं आणि ते तिथे नव्हते. पाणी मिटलं. लाटसुद्धा नीट उठली नाही.

मोहनसिंग माझ्या मागे बसून काकडी खात होता. त्याला हाक मारायची होती, सपना, आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला विनामाईक ऐकू जाणारा माझा आवाज, तो कुठे गेला ते मला अजून कळलेलं नाही. मी शर्ट छातीशी धरून उभी राहिले. मोहनसिंगनेच पाहिलं. तो कपड्यांसकट धावला, कमरेभर पाण्यात पाय रोवून उभा राहिला आणि खांद्यावरचा दुपट्टा त्याने पाण्यावर फेकला. एक हात वर आला, गेला, परत आला. दुपट्टा सापडला. ओढून काढलं तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते आणि त्या डोळ्यांत मी नव्हते, मोहनसिंग नव्हता, कोणीच नव्हतं. काठावर पालथं पाडल्यावर पाणी ओकले, खोकले, बराच वेळ खोकले. मग उठून बसले आणि पहिलं वाक्य काय बोलले सांगू? "डुबकी मारली होती मी. तुमी काहून बोंबलून राह्यले?" कोणी बोंबललं नव्हतं. मोहनसिंग दुपट्टा पिळत म्हणाला, "काका, डुबकी मारणारा मानूस दुपट्ट्याले असा लोंबकळत नाही." ते ऐकून मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. मग सगळ्यांच्या लक्षात आलं. जिथे गाळ चांगला लागला तिथे यंत्राने खोल खोल उकरलं, काम झालं, यंत्र गेलं, खड्डे कोणी बुजवले नाहीत. पावसाने ते भरले आणि वरून सगळं पाणी सारखंच दिसायला लागलं. तुझ्या बाबांना जो तळ पाठ होता तो ट्रॉल्यांत भरून शेतांत गेला होता.

मला वाटलं, आता तरी हे संपेल. जीपमध्ये ते ओल्या अंगाने पुढच्या सीटवर बसले. मग मागे न वळता म्हणाले, "सपनाले सांगू नोको. उगाच भेते ते. आन् तळं हेच ठरलं. त्या जागेपासून जरा इकडं सरकू, बस." त्या संध्याकाळी रेणूचा फोन आला. मी दारात उभी होते. त्यांनी तिला सांगितलं की आज तलाव पाहून आलो, मस्त डुबकी मारली. ती म्हणाली, आबा, तिथेच मलाही डुबकी मारायची. आणि तुझे बाबा, ज्यांच्या नाकातून अजून पाणी येत होतं, हसून म्हणाले, "हाव ना राणी, दोघं मिळून मारू." सपना, ते वाऱ्यावर बोलत नव्हते. ते खरंच नेणार आहेत तिला. मला ते दोघं त्या निळ्या पाण्यात कमरेपर्यंत उभे दिसतात, ती त्यांच्या खांद्यावर, डोळ्यांना लहान चष्मा, आणि मग नुसतं पाणी दिसतं. भर दुपारी, भाजी चिरताना, कोणाशी बोलताना दिसतं.

तर हे पत्र ज्या एका ओळीसाठी लिहिलं ती ओळ आता लिहिते. तुझ्या बाबांना पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. घागर खरी आहे, विहीर खरी आहे, उडी मात्र रविकांतची आहे, ज्यांची विहीर होती त्यांच्या मुलाची. तुझे बाबा काठावर त्याचे कपडे सांभाळत बसलेले होते आणि मी त्यांच्या शेजारी होते. तिथे बसून बसून त्यांनी पोहणं पाहून पाहून पाठ केलं, हात कसा न्यायचा, श्वास कधी घ्यायचा, सगळं. पाण्याला पाय लावायची तेवढी मुभा नव्हती. पुढे तू झालीस, गोष्ट मागायला लागलीस, तेव्हा त्यांनी ती उडी स्वतःच्या नावावर सांगितली आणि तू इतक्या विश्वासाने ऐकलीस की त्यांना ती परत देता आली नाही. तुझ्या आईला माहीत होतं, तीही कधी बोलली नाही. खोटं बोलणाऱ्यांना मी आयुष्यभर चारचौघांत सोलून काढलं, पण याला खोटं म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्या पाण्यात उतरू दिलं नाही त्यात माणूस गोष्टीत उतरला, एवढंच. मात्र गोष्टीतल्या पाण्यात कोणी बुडत नाही. म्हणून तू हे त्यांना तोंडावर विचारू नकोस आणि रेणूसमोर तर नकोच. तिला आजपासून तिथल्या एखाद्या जलतरण तलावावर पोहायच्या वर्गात घाल, आणि सहलीची जागा धनजची सांग; सांग की संघदीपला गाडी सावलीतच लावायची आहे, काहीही सांग. ते चिडतील, चिखल म्हणतील, खोलाकडे जायला निघतील. तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणेन की भाऊ, मला पाण्याची फार भीती वाटते, मला सोडून पुढे जाऊ नका. ते मला हसतील. हसू देत. त्यांना खोटं बोलावं लागणार नाही आणि मलाही लागणार नाही. रेणूचा हात तू सोडू नकोस, त्यांचा मी धरते.

तुझ्या उत्तराची वाट न पाहता तुझ्यावर विसंबलेली,
तुझीच
लिलाआत्या